गच्चीवरचा देशी तंबाखू

चहा आधी संपवून घ्या. मध्येच ठसका लागला तर मला बोलू नका. माझी ही फजिती पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत सगळ्यांना पाठ आहे, तुम्हीच तेवढे राहिला होतात.

माझे सासरे, आबा, धुळ्याकडच्या एका खेड्यात राहतात. उभं आयुष्य तंबाखू मळण्यात गेलं. मग तोंडाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दम भरला आणि आबांनी तंबाखू सोडला. पण तलफ कुठली सुटायला? जेवण झालं की त्यांचा अंगठा रिकाम्या तळहातावर आपोआप फिरायचा.

एकदा आमच्याकडे आले असताना संध्याकाळी गच्चीवर बसले होते. डोळे मिटूनच म्हणाले, "मना बापना वावरमा तमाखू सुके ना, तवय बठ्ठा गाव घमघमे. माले खावाना नही शे. फक्त एकदाव तो वास लेवाना शे."

बापाच्या वावरात तंबाखू सुकताना अख्खा गाव घमघमायचा, तो वास. खायचा नाही, एकदा फक्त वास घ्यायचाय. आता सांगा, असं ऐकून कुठल्या जावयाला झोप लागेल? मला तर लगेच ते शेत दिसायला लागलं. हिरवी रुंद पानं, मधून वाहणारा पाट, आणि दोरीवर सुकणाऱ्या पानांखाली लहानगे आबा.

मी आमच्या गच्चीवरच्या बागेच्या ग्रुपवर विचारलं. निपाणीकडच्या एका सभासदाने बियांच्या दोन पुड्या पाठवल्या. एक जुनं देशी वाण, एक हायब्रीड. फोनवर त्याने नीट समजावलं, "हायब्रीडचं पान मोठं येतं, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड येईल याची खात्री नाही. देशीचं बी धरा, नातवंडांपर्यंत तेच झाड येईल. आणि बी वरवर भुरभुरा. माती घालू नका, त्याला उजेड लागतो."

पुडी उघडली तर आत नुसती धूळ. एवढंसं बी, आणि ते उघड्यावर टाकायचं? थंडीचे दिवस होते. माझा जीव कळवळला. दोन कुंड्यांत, नावाच्या चिठ्ठ्या लावून, एकेक वाण पेरलं आणि घरच्या ओल्या कचऱ्याच्या मस्त काळ्या खताचा दोन बोटं थर मी पांघरुणासारखा वर घातला.

आणि रोपं आली की हो! दोन्ही कुंड्यांमध्ये.

माझी बायको सुनंदा कपडे वाळत घालताना थांबली. "ही वांग्यासारखी दिसतात."

"दिसणारच. तंबाखू आणि वांगं एकाच कुळातले. ग्रुपवर वाचलंय मी."

मी रोज संध्याकाळी कुंड्यांजवळ खुर्ची टाकून बसायचो. खालच्या घरातून फोडणीचा वास यायचा, आभाळ गुलाबी व्हायचं, पानं हलायची, आणि मी आबांच्या वडिलांच्या वावरात पोचायचो. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

शेजारचे सलीमभाई टेलर. त्यांच्याकडे गुलाब फार छान. ते एकदा वर आले, पान हातात धरलं आणि बोट चोखत म्हणाले, "भाईसाब, तंबाखू को काँटे होते क्या?"

"देशी वाण आहे सलीमभाई. जुन्या जातींना असायचेच. हायब्रीडमधून काढून टाकले."

"पर वो तो हायब्रीडवाली कुंडी है."

"मग राहिले असतील एखाद-दुसरे."

समोरच्या कोठारी काकूंनी तर संध्याकाळी खिडक्याच लावून घेतल्या. सुनंदाला म्हणाल्या, तुमच्या तंबाखूच्या वासाने माझं डोकं धरतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वास यायला लागला होता, म्हणजे वाण अस्सल होतं.

मग फुलं आली, जांभळी. निपाणीवाल्याने बजावलंच होतं, पान मोठं हवं तर तुरा खुडा. मी कळी दिसली की खुडायचो. एक फूल म्हणून झाडावर राहू दिलं नाही. मग पानं दोरीत ओवून जिन्यावरच्या खोलीत टांगली. ती तपकिरी झाली, कुरकुरीत झाली, आणि मी आबांना फोन केला.

आबा एसटीने आले. पाणीसुद्धा न पिता वर चढले. मी एक पान त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी नाकाशी धरलं आणि डोळे मिटले. सुनंदा पदर तोंडाला लावून उभी.

आबांनी डोळे उघडले, पान चुरलं, पुन्हा हुंगलं. मग गच्चीवर गेले, हायब्रीडच्या कुंडीजवळ खाली बसले आणि खालची पानं बाजूला केली. भिंतीच्या बाजूला, माझ्या नजरेतून सुटलेल्या एका फुलाचं, चांगलं मुठीएवढं, हिरवट पांढरं फळ लोंबत होतं.

"जवाईबापू, हाई काय शे?"

खरं सांगतो, समोर भरताचं वांगं लटकत होतं आणि माझ्या तोंडून निघालं, "आबा, हायब्रीड असेल."

आबा आधी नुसते हलले. मग ते हसायला लागले. ऑपरेशननंतर ते असे हसलेच नव्हते. गाल धरून, डोळे पुसून, पाण्याच्या टाकीला टेकून हसत राहिले. तंबाखूचं बी माझ्या पांघरुणाखाली कधीच गुदमरलं होतं. उगवलं होतं ते खतातून आलेलं आमच्याच भरताच्या वांग्याचं बी. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," सुनंदा म्हणाली, आणि तीही बसली हसायला.

परवा आबांचा गावाहून फोन आला. मी भीतभीत विचारलं, "तलफ येते का अजून?"

"नही येत," आबा म्हणाले. "पहिले तमाखूनं नाव निंघनं का माले मना बाप याद ये, ते वावर याद ये. आते तुम्हीच याद येतस."