नेलेली आणि ठेवलेली

पांडेसऱ्याच्या मिलवस्तीत 'ठेवणं' हा चांगला शब्द होता. मंदी आली की कापड रंगवायच्या डाइंग मिलमधली माणसं कमी होत. अशा दिवशी सुपडू दारातूनच ओरडे, "मला ठेवलं!" मग त्याची बायको अनुसया चहात दूध जरा जास्त घाली.

म्हणून त्या रविवारी पास्टर लक्ष्मण शेवटच्या दिवसांबद्दल बोलले, तेव्हा तिला काही अवघड वाटलं नाही. दोन बाया दळत असतील, पास्टर म्हणाले, एक नेली जाईल, एक ठेवली जाईल. शास्त्रात जसं लिहिलंय तसंच घडणार, अक्षरन् अक्षर. गावाकडून, नवापूरकडून आलेली आठ-दहा कुटुंबं प्रार्थनेच्या खोलीत दाटीनं बसली होती. अनुसयेनं डोळे मिटले आणि मागितलं, देवबापा, मला ठेव. पुढे रोज तेच मागत राहिली.

बाहेर पडताना शेजारीण इंदुबाई म्हणाली, "अनसे, आपलं जातं तं गावालाच राह्यलं. इथं पीठ गिरणीतून येतं. आपल्याला कोन नेतं नि कोन ठेवतं!"

"हसू नको गं."

"मंग रडू का? नेणारा आला तं सांगेन, थांब बाबा, एवढी साडी होऊ दे. नाहीतर शेठ बोंबलतो."

दोघी घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवत. एक साडी दोघींच्या मांडीवर आडवी. इंदू बोले, अनुसया ऐके. मागच्या नाल्यातून मिलचं पाणी जाई, कधी लाल, कधी जांभळं. ते पाहून आज बाजारात कोणता रंग चालतोय हे इंदू सांगे.

गणपती बुडाले आणि शहरात प्लेग आला. इंदूला सकाळी ताप भरला, दुपारी खोकल्यातून रक्त पडलं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं गाडी घेऊन आली. अनुसया पुढे झाली, तर त्यांनी लांबूनच हातानं थांबवलं. इंदू जाताना काहीच बोलली नाही. तिचा नवरा वाल्मिक गाडीमागून धावत गेला.

तो परत आला तो एकटाच. प्रेत दिलं नाही, तिकडेच जाळलं. माती द्यायची राहून गेली.

चाळ रिकामी होत होती. सुपडू बोचकं बांधत म्हणाला, "ट्रक मिळतोय. आत्ता निघायचं." अनुसया आधी पास्टरच्या खोलीवर गेली. तेही बिछाना गुंडाळत होते.

"पास्टर, नेलेली चांगली का ठेवलेली?"

"नेलेली, बहिणी. तिला प्रभू आपल्याकडे वर घेतो." त्यांनी दोरी आवळली. "ठेवलेली न्यायासाठी मागं उरते."

अनुसया उंबऱ्यावर बसली. "मी तर रोज मागत होते, मला ठेव म्हणून."

पास्टरांचे हात थांबले. "अगं, इतकं शब्दाला धरून बसायचं नसतं. ते रूपक आहे. नेणं, ठेवणं म्हणजे मनाची तयारी."

"मग इंदूला नेलं, तेही रूपकच का?"

पास्टरांनी पुन्हा दोरीला गाठ मारायला घेतली.

"ती खरंच वर गेली असेल, तर मी टाकलेली. माझं ठेवणं रूपक असेल, तर तिचं नेणंही रूपकच, ती नुसती मेली. दोन्ही कसं धरू, पास्टर?"

"प्रार्थना कर, बहिणी."

"काय मागू?"

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. आतून त्यांचं लेकरू रडलं. पास्टरांनी बिछाना खांद्यावर घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. घाबरलेल्या माणसाचे डोळे होते ते. तिला बाजूला सरकावं लागलं.

चाळीत वाल्मिक आपल्या बंद दाराला टेकून बसला होता.

"वहिनी, काय म्हणाले पास्टर? कुठं गेली असंल ती?"

अनुसयेनं पदर सारखा केला. पुन्हा एकदा सारखा केला.

"वर," ती म्हणाली. "लिहिलंय तसंच. खरोखर."

वाल्मिकनं दोन्ही हातांत तोंड घातलं. त्याचे खांदे हळूहळू सैल पडले. मग त्यानं मान वर केली.

"आणि आपण?"

सुपडू कडीला कुलूप घालत होता. किल्ली फिरत नव्हती.

"तुम्ही पण चला आमच्यासंगं," अनुसया म्हणाली. "ट्रकमध्ये होईल जागा."