आईची दोन अक्षरं

शुक्रवार पेठेत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. ज्या कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवतात त्याला अण्णा, म्हणजे माझे वडील, मशीन म्हणतात. ते मशीन आलं तेव्हा पांढरंशुभ्र होतं आणि मी कॉलेजात होते. आता ते पिवळं पडलंय. सकाळी बटण दाबून चहा सांगावा, चहा यावा, पिऊन कप धुवावेत, मग ते जागं होणार. त्यातली सिस्टीम ज्यांनी बनवली त्यांनीच तिला केव्हाची वाऱ्यावर सोडलेली. नवा प्रिंटर आणला तर तो त्याला ओळखेना. एका गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला तेव्हा तर दोन दिवस दुकान नुसतं उघडं होतं.

मी तोंडाची फटकळ. त्या दुसऱ्या दिवशी म्हणून टाकलं, "अण्णा, बास झालं. दसऱ्याला हे भंगार बदलायचं."

"बदल की," कागद मोजता मोजता अण्णा म्हणाले. "मग मी काय हितं येत न्हाय."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण आई गेल्यावर हा माणूस दोन महिने भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडून होता. जेवा म्हटलं की जेवायचे, उठा म्हटलं की उठायचे, बोलायचे मात्र नाहीत. शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढत दुकानात आणलं आणि आईच्या खुर्चीत बसवलं. टाइप सगळं आई करायची. अण्णा कागद कापायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, प्रूफ वाचायचे. पण इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी तिचे हात पाहिले होते. दोन बोटांनी का होईना, पत्रिका जुळवायला लागले आणि हळूहळू बोलायलाही लागले. ते परत त्या खाटेवर गेले तर मी काय करणार होते, मला खरंच माहीत नव्हतं.

त्यांना दोन बोटांनी जमायचं ते आईच्या अक्षरांमुळं. तिनं मशीनमध्ये एक सोय करून घेतली होती. दोन अक्षरं मारून वरचं एक बटण दाबलं की अख्खी ओळ उमटायची. 'वि' मारलं की "आपल्या उपस्थितीने शुभकार्याची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती." तिची सगळी अक्षरं दोन-दोनसुद्धा नसायची, एकावरही भागवायची बाई.

मशीन दुरुस्तीला येणारे मामू म्हणाले, "फाइलां सब आते ताई, लेकिन ये अक्षरवाला खेल नये पे नै आता. हाथ से डालना पडता." मी म्हटलं, टाकू की, यादी काढून द्या. ते तासभर खटपट करून म्हणाले की यादी उघडतच नाही. आईनं ती कागदावर कधी उतरवली नव्हती. तिला गरजच काय होती?

पितृपंधरवडा लागला. या दिवसांत पत्रिका छापायला चिटपाखरू फिरकत नाही, म्हणजे तयारीला वेळच वेळ. फक्त नवी वस्तू पंधरवड्यात दुकानात आणायची नाही, एवढं अण्णांनी बजावलं. मला तेही चाललं. मशीन दसऱ्याला येईल, तोवर जुन्यातलं सगळं उपसून ठेवू. मामूंनी सांगितल्याप्रमाणे फाइली दोन ठिकाणी उतरवल्या आणि प्रत्येक उघडून पाहिली. फॉन्ट कुठले चालतील, कुठले नाही, ते लिहिलं. मग दुपारच्या वेळी मी वही घेऊन बसायचे आणि अण्णा एकेक अक्षर मारून आईची ओळ बाहेर काढायचे. आठवतील ती आधी. मग अंदाजानं. मग सरळ बाराखडीच धरली.

तिथं आई भेटायला लागली हो! एका मंगल कार्यालयाचा पूर्ण पत्ता 'खा' वर निघाला. का म्हणून विचार करत बसलो, तर अण्णांना आठवलं की तिथलं बोअरचं पाणी खारं. दुसऱ्या एकाचा पत्ता 'कच' वर. "तुझ्या मावशीच्या लग्नात भात कच्चा वाढला होता तितं," अण्णा म्हणाले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दोन वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. बारक्या पोरांची ती "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" ही ओळ 'कट' वर होती, कारण पोरांची कटकट. आणि 'हे' मारलं की काय यावं? श्री. लावून अण्णांचं पूर्ण नाव. नवऱ्याचं नाव तिनं तोंडानं कधी घेतलं नाही, मशीनवरही 'हे'च.

"मग 'मी' वर तीच असणार," मी म्हटलं. "मारा की."

अण्णांनी मारलं नाही. "पुढचं घे," म्हणाले.

मला कळायला हवं होतं. पण माझी जीभ! त्यात धाकट्या भावाचं लग्न ठरलेलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, आणि त्याची पत्रिका अण्णा आज करू, उद्या करू म्हणत महिनाभर टाळत होते. मी म्हटलं, "घरच्या पत्रिकेत आईचं नाव लागणारच आहे. तिथं आता कै. लावावं लागणार. कधीतरी लिहायलाच हवं ना?"

ते उठले. चपला घातल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशी नाहीत. घरी फोन केला तर वहिनी, थोरल्या भावाची बायको, म्हणाली, पडलेत. कुणीकडं तोंड करून, हे मी विचारलंच नाही. दुकानात एकटीच बसून मी त्या मशीनवर राग काढला, मग स्वतःवर. 'मी' मारून बटण दाबलं. सौ. आणि आईचं नाव आलं. मग समजलं की या एका मशीनमध्ये ती अजून नुसती सौ. होती, आणि मी तेच मशीन भंगारात काढायला निघाले होते. खूप रडले.

नवमीला मी अण्णांकडं गेले. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान या अविधवा नवमीला वाढतात. शेजारच्या काकू सवाष्ण म्हणून जेवायला होत्या. अण्णांनी स्वतः खीर वाढली, ओटीचं साहित्य माझ्या हातात दिलं, काकूंना वाकून नमस्कार केला. मी त्यांना काहीच बोलले नाही, आणि हे मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. काकू गेल्या तसे ते म्हणाले, "वही आणलीस?"

वही पिशवीतच होती.

"लिही. 'मी'. सौ. काढू नगंस. सवाष्ण गेलेल्या बाईचं सौ. जात न्हाय. पुढं कै. लाव, बास."

एवढे दिवस दुकान चालवून हे मला माहीत नव्हतं असं नाही. शेकडो पत्रिकांवर छापलंय. पण माझ्या हाताला ते अक्षर नीट येईना. अण्णांनी वही ओढून घेतली आणि स्वतः लिहिलं.

दसऱ्याला दोन्ही मशीनं शेजारी ठेवून पूजा केली. जुन्याची नेटची वायर काढून टाकली, महिनाभर ते असंच राहणार होतं, काही राहिलं-बिहिलं तर बघायला. वहीतली अक्षरं मी त्या दिवशी सकाळीच बसून नव्यात भरली होती. अण्णा नव्यासमोर बसले, बोटं झटकली आणि भावाची पत्रिका काढली. 'मी' मारून बटण दाबलं. कै. सौ. आणि आईचं नाव. मग 'व', मग 'हे'. त्यापुढं "यांचे कनिष्ठ चिरंजीव" असं त्यांनी एकेक अक्षर शोधून मारलं.

आमच्या दुकानात टाइप करणाऱ्यानं प्रूफ वाचायचं नसतं. आई टाइप करायची, अण्णा मोठ्यानं वाचायचे. आज त्यांनी टाइप केलं होतं, तेव्हा वाचायचं माझ्यावर आलं. देवाच्या नावापासून सुरुवात केली आणि आईच्या नावाशी अडखळले.

"थांबू नगंस," अण्णा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "अडखळलं की चूक ऱ्हाते."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नाव वाचलं, पुढं गेले, पोरांच्या कटकटीपर्यंत सगळं वाचलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "छाप. आन् उद्या जरा लवकर ये, लई काम पडलंय."