एका बोटानं लिहिलेल्या टिपा

"अगं, फळ्याला शिकवतीयास का पोरांना? वळ की हिकडं!"

बाई अशा ओरडल्या की राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासकेंद्रात नवीन आलेला माणूस दचकून मागं बघायचा. मागं कुणी नसायचं. बाई ओरडायच्या त्या संगणकाच्या पडद्यावरच्या शिक्षिकेवर. ती बिचारी कुठल्याशा गावात आठवड्यापूर्वीच धडा संपवून घरी गेलेली असायची.

ही गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. नोकरी करत शिकणाऱ्या शिक्षकांसाठी आमच्या केंद्रानं ऑनलाइन अभ्यासक्रम काढला होता आणि मी तिथले संगणक सांभाळायचो. प्रत्येकानं आपल्या पाठाचा व्हिडिओ पाठवायचा. मग तो संकेतस्थळावर चालवत, जिथं सांगण्यासारखं असेल तिथं थांबवून टीप लिहायची: इथं मी असं का केलं, इथं काय चुकलं. खाली मार्गदर्शक म्हणून बाईंनी उत्तर द्यायचं. स्वाध्याय एवढाच. पण आपली माणसं! पहिल्या तुकडीतली प्रत्येक टीप 'महोदया, वरील विषयास अनुसरून' अशी सुरू होऊन 'आपला विश्वासू' असं म्हणून संपायची. मुलगा खिडकीबाहेर बघतोय एवढं सांगायला अर्धा पडदा भरायचा आणि तो मुलगाच टिपेखाली झाकून जायचा.

"पोरगं कुठं गेलं रं? अर्जाखाली गाडलं की!" बाई मला विचारायच्या.

बाई शाळा तपासता तपासता निवृत्त झालेल्या. उचगावाहून सिटी बसनं यायच्या. पूर्वी शेवटच्या बाकावर बसून पाठ चालू असतानाच मध्ये गरजायच्या म्हणे. तुम्हीही असे तपासनीस पाहिले असतील. पण या टिपांनी बाईंची एक गंमत केली. त्यांना एकाच बोटानं टाइप करता यायचं. तोंडानं पडद्याला झाडून घ्यायच्या, मग अक्षरं शोधत बसायच्या, आणि वाक्य पुरं होईस्तोवर राग निवलेला असायचा. 'गाढवासारखं काय ओरडतीयास' असं तोंडी म्हणून झालं की पडद्यावर उमटायचं, 'आवाज थोडा कमी केलास तर मुलं पुढे सरकून ऐकतील.' मला शेजारी बसून हसू आवरायचं नाही.

चंदगडकडच्या एका वाडीवरची एक शिक्षिका होती. अभ्यासक्रम पुरा झाला तरच शाळा तिला कायम करणार होती. तिचा व्हिडिओ आला, टिपा आल्याच नाहीत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी व्हिडिओच्या अगदी सुरुवातीलाच एक टीप दिसली: 'मी माझा पाठ बघितला. मला शिकवायला येत नाही. माझे नाव काढून टाकावे.'

बाईंनी व्हिडिओ लावला. मधे तिनं एका लहान मुलीला प्रश्न विचारला. मुलगी गप्प. शिक्षिकाही गप्प. वर्ग खुसखुसायला लागला, तरी ती तशीच उभी.

"बोल की आता! गप का उभारलीयास?" बाई ओरडल्या.

तेवढ्यात त्या मुलीनं उत्तर दिलं. बरोबर दिलं. बाईंनी मला तेवढा भाग परत लावायला सांगितला, मग आणखी एकदा. नंतर बोट चालवायला लागल्या.

'इथे तू थांबलीस. तिला तिचं उत्तर सापडेपर्यंत थांबलीस. मला हे कधीच जमलं नाही. नाव काढायचं नाही. बाकीच्या टिपा लिही, मी वाट बघते.'

मग उठून संचालकांच्या खोलीत गेल्या आणि मुदत वाढवून घेतली. ती कशी, ते रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं असेल.

पुढचे काही दिवस आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न, "चंदगडचं काय आलं का?" तालुक्याच्या नेट कॅफेतून एकेक टीप येऊ लागली. 'सगळे हसत होते, मला घाम फुटला होता,' तिनं लिहिलं. बाईंनी खाली लिहिलं, 'घाम मला दिसला नाही. त्या मुलीला तर नाहीच.'

ती पास झाली. कायम झाल्यावर भेटायला येते, असं तिनं कळवलं. "येऊ दे, समोरासमोर बघू तरी कशी हाय," बाई म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत बाई झोपेतच गेल्या. केंद्रात इतकी शांतता झाली की मला तिथं बसवेना. खरं सांगतो, नव्या मॅडम आल्या, त्यांच्या हळू बोलण्याचाच मला राग यायचा.

एका दुपारी दारात व्हिडिओतली ती शिक्षिका उभी, पडद्यावरच्यापेक्षा किडकिडीत. हातात काजूची पिशवी. "मी चंदगडची. कायम झाले. बाई कुठं बसत्यात?"

सांगणं भाग होतं. ती खुर्चीत बसली, पदरानं डोळे पुसले, मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी त्यांचं लिहिलेलंच वाचलं हो. आवाज कधी ऐकला न्हाय. कशा बोलायच्या त्या?"

मागं उभा असलेला आमचा शिपाई काहीतरी बोलणार होता. मी त्याला हातानं थांबवलं.

"हळू," मी म्हटलं. "अगदी हळू बोलायच्या."