झुमक्याचं झाड फुटलं का?

निपाणीच्या स्टँडवर बस हलली तेव्हा मी खिडकीतून ओरडले, "आई, येतो गं!" आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात. आई बसबरोबर चार पावलं चालली, "येळेवर जेवत जा," म्हणाली आणि मागं राहिली. त्याला चौदा वर्षं झाली. आता मी स्कॉटलंडात नर्स आहे, बारा-बारा तासांच्या शिफ्टनं पार पिचलेय, आणि पुण्याच्या मैत्रिणींत राहून 'येते' म्हणायला शिकलेय.

मागच्या अंगणात मी ब्लीडिंग हार्ट नावाचं फुलझाड लावलंय. मे महिन्यात वाकलेल्या काडीवर बदामाच्या आकाराच्या गुलाबी फुलांची रांग लटकते, प्रत्येकाखाली एक पांढरा थेंब. गेल्या उन्हाळ्यात आई आली, तिला मी नावाचा अर्थ सांगितला. "रगत गळणारं काळीज? दारात असलं नाव नगं गं बाई! झुमकं म्हण."

जुलैत झाड पिवळं पडलं. ते दरवर्षीच पडतं. वरचं वाळतं, मुळं जमिनीत झोपतात. तेव्हा पाणी बेतानंच घालायचं. पण हे मी आईला सांगितलंच नाही. ती दिवसातून दोनदा बादली ओतायची, तांदळाचं धुवणसुद्धा. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. घरी आलं की तोंड उघडायचंही त्राण नसायचं.

ती परत गेली. यंदा वसंतात झाड फुटलं नाही. उकरलं तर मुळं काळी, लिबलिबीत. आणि फोनवर दर रविवारी आईचं एकच, "झुमकं फुटलं का गं?"

"फुटलं की!" म्हणाले. दुसरं काय सांगणार? या परक्या मुलखात तिनं आपणहून केलेलं तेवढंच एक काम. शेवटी तिनं फोटो मागितला. मी नर्सरीतून नवं रोप आणून त्याच जागी लावलं आणि फोटो पाठवला.

लगेच फोन आला. "हे आपलं न्हवं. आपलं माझ्या पाण्यानं कुजलं. मला तिथंच कुजका वास आलता मातीचा, पर बोलाय जीभ उचलंना."

"अगं, मग दर रविवारी विचारत कशाला होतीस?"

"तू काय सांगतीस ते बघत हुतो. दमलीस की खोटं बोलतीस तू, ल्हानपणापास्नं. फुटलं म्हणलीस, तवाच कळलं, पोरगी लई दमलीया."

मला रडूच फुटलं. घर निपाणीत की इथं, हे मला आता ठरवता येत नाही. इथं रोज सगळ्यांना "आय ॲम फाइन" सांगते आणि सगळ्यांना ते पटतं.