‘वजन बरोबर’खालची सही

कुकटपल्लीच्या एका कारखान्यात मी ज्वारीच्या पिठाची पाकिटं तपासायची. पाकिटावर पाचशे ग्रॅम छापलेलं, मशीन मात्र सेठनं चारशे सत्तरवर लावलेली. जुन्या मालावर नव्या तारखेचं स्टिकरही आम्हीच चिकटवायचो. आणि रोज संध्याकाळी रजिस्टरात ‘वजन बरोबर’ लिहून मी सही करायची. नांदेडहून लग्न होऊन या तेलुगू शहरात आल्यावरची ही पहिलीच पगाराची नोकरी. तोंड उघडायची छाती नव्हती.

एका दुपारी वजनमापे खात्याची माणसं आली. एक मॅडम, दोन पुरुष, सोबत त्यांचा स्वतःचा काटा. सेठनं मला गोदामाच्या दाराशी ओढलं.

“पीछे जाओ, स्टिकर निकालो सब. रजिस्टर में सही तुम्हारी है, फसेंगे भी तुमीच.”

आत जाऊन मी नखांनी स्टिकर खरवडायला लागले. घाईत एक पाकीटच फाटलं, पीठ अंगभर सांडलं. पोलीस नेतील, मुलीला शाळेतून कोण आणेल... मागं पावलं वाजली. मॅडम दारात उभ्या होत्या.

“क्या कर रहे अम्मा?”

खोटं बोलायचं होतं. पण एकदम रडू आलं, आणि रडता रडता मी सगळं सांगून टाकलं. मशीन, तारखा, माझी सही.

माल सील झाला. त्यांच्यातल्या एकानं तेलुगूत पंचनामा लिहिला. तेलुगू मी बोलते, वाचता येत नाही. पुढ्यात पेन आलं. एका सहीनं इथवर आणलं होतं, आता ही दुसरी.

“पढ के सुनाओ मॅडम,” मी कशीबशी म्हणाले. सेठ डोळे वटारून बघत होता.

मॅडमनी ओळ न् ओळ वाचली. एका ठिकाणी मशीन मीच लावली असं लिहिलेलं निघालं. मी “नक्को, नक्को” म्हणून ओरडलेच. त्यांनी ते खोडून सेठचं नाव घातलं. मग मी मराठीत सही केली.

सेठला दंड झाला. पंधरवड्यात कारखाना पुन्हा सुरू झाला. मला बोलावणं आलं नाही. महिनाभर मी अनोळखी नंबरचा फोन उचलला नाही. दारावर थाप पडली की मुलीला आत ओढायची.

पुढे शहरातच, चिक्कडपल्लीत एका दवाखान्यात काम लागलं. एकदा तिथल्या बाजारात सेठ समोरून आला. मला न बघताच निघून गेला. मी मात्र बराच वेळ भाजीच्या गाडीला धरून उभी होते.