खालची वायर वर

गॅरेजात तिला सगळे बत्तीवाली म्हणायचे. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याला इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावताना बत्ती धरायला कुणीतरी हवं होतं. घर वर, गॅरेज खाली. हाक आली की ती पदराला हात पुसत जिना उतरायची. बत्ती धरता धरता बघायला शिकली, आणि बघता बघता पाने हातात आले. सासऱ्यांनी आधी नाक मुरडलं. मग एकदा तिने गंजून बसलेला प्लग आटे न मोडता काढला, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाईचा हात हलका आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं.

नवरा मात्र खरा कारागीर. पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारी इंजिनं त्या भागात कुणी हातात घेत नसे. हा ती उघडून, हवा आत येण्याची तोंडं कोरून मोठी करून, दुप्पट जोरात पळवायचा. लांबून लांबून लोक येत.

एका सकाळी तो लहानशी बॅग घेऊन सुटे भाग आणायला म्हणून गेला, तो आलाच नाही. काही दिवसांनी वडिलांना फोन केला. दुसऱ्या गावात आहे, एका बाईबरोबर राहतो, वाट बघू नका. सासऱ्यांनी हे तिला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिने उरलेली भांडी घासली, पालथी घातली आणि मग विचारलं, "तुम्हाला चहा टाकू का?"

आई येऊन चार दिवस राहिली, घरी चल म्हणून मागे लागली. शेजारणी आळीपाळीने डोकावून गेल्या. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही की तोंडात शिवी नाही, हे त्यांना फार खटकलं. एकीने आईला जिन्यात गाठून सांगितलं, की पोरीला रडवा, नाहीतर आतल्या आत कुजेल. आईने प्रयत्न केला आणि स्वतःच रडून परत गेली. ही राहिली. का राहिली हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. खाली गाड्या उभ्या होत्या, सासऱ्यांना ऐकू कमी यायचं. जेवण बेचव लागायचं, पण ती जेवायची. झोपही लागायची.

अशातच बेकरीवाला गाडी घेऊन आला. दिवसभर पाव भाजायचा आणि सुट्टीच्या दिवशी घाटात गाडी पिटाळायची, हा त्याचा शौक. उन्हाळ्याआधी त्याच्या गाडीचं इंजिन नवऱ्यानेच कोरून दिलं होतं. आता ती प्रत्येक सिग्नलला बंद पडायची. स्लो, म्हणजे उभ्या जागची मंद चाल, धरतच नव्हती. दोन ठिकाणी दाखवलं, दोघांनीही तोंडं मोठी केलीत तर असंच होणार म्हणून हात झटकले. त्याने आल्या आल्या कारागीर कुठे आहे असं विचारलं. 

"तो नाही," ती म्हणाली. "बॉनेट उघडा."

आधी तिने बाहेरची हवा कुठून शिरते का ते पाहिलं. जोडांवर स्प्रे मारला. आवाज बदलला नाही, म्हणजे गळती नव्हती. स्लोचा स्क्रू फिरवला. फेऱ्यांचा आकडा चढला, धाप तीच. मग बत्ती लावली. तिचा चिमटा प्लगच्या वायरीला अडकवला आणि पुलीवर उजेड टाकला. खूण जिथे दिसायला हवी तिथेच, जागच्या जागी. दुसऱ्या वायरीवर तेच. टायमिंग बरोबर, आणि इंजिन दमेकऱ्यासारखं खोकतंय. सासऱ्यांनी इंजिनावर तळवा ठेवला. ऐकू कमी येऊ लागल्यापासून ते इंजिन हातानेच ऐकत.

"पुढचा रोटर नीट काम करत नाही," ते म्हणाले.

तिने इंजिन बंद केलं. या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन प्लग. खालचा आधी पेटतो, वरचा किंचित मागून. बत्ती वायरीतली ठिणगी दाखवते; ती वायर शेवटी कुठे जाते हे बत्तीला काय माहीत? म्हणून तिने एकेक वायर मुळापासून बोटांत धरून प्लगपर्यंत नेली. पुढच्या रोटरची खालची वायर वरच्या प्लगला होती आणि वरची खालच्या.

ही चूक बाहेरच्या कुणाची नव्हती. वायरी बांधायची नवऱ्याची खास गाठ होती, आणि ती कुणी सोडलेली नव्हती. झोपेतही ज्याने वायर चुकवली नसती, त्याने ती चुकवली होती. या वायरी लावल्या ती संध्याकाळ तिला आठवली. आज बत्ती नको, मी एकटा करतो, असं तो म्हणाला होता, आणि मध्येच फोन घेऊन बाहेर गेला होता. तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं. वर जाऊन पाय पसरून बसली होती.

म्हणजे माणूस तेव्हाच गेला होता. बॅग घेऊन नंतर गेला, एवढंच.

आता तरी रडू येईल म्हणून ती थांबली.  काहीच झालं नाही. तिने गाठ कापली, वायरी अदलाबदल केल्या आणि चावी फिरवली. इंजिन एकदा शिंकलं आणि चालू राहिलं. घडघड, दम, घडघड, पण न थांबता.

बेकरीवाल्याने विचारलं, की अगदी मऊ नाही का चालणार? ती म्हणाली, नाही, कोरलेलं इंजिन असंच बोलतं. पण बंद पडणार नाही.

गाडी गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, काय होतं? तिने सांगितलं. त्यांनी गाठीचा कापलेला तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि टाकून दिला. पुढच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. ख्यालीखुशाली विचारत होता.  सासरे म्हणाले, "बेकरीवाल्याच्या गाडीच्या वायरी तू उलट्या लावल्या होत्यास." आणि थोड्या वेळाने फोन ठेवला.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"म्हणाला, शक्य नाही."

तिला तेव्हा पहिल्यांदा राग आला. बायको टाकून गेला त्याचा नाही. मी डोळ्यांनी पाहिलेली वायर हा तिकडून नाकारतो, त्याचा. राग फार मोठा नव्हता, संध्याकाळपर्यंत पुरला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पूर्वीसारखीच होती, पण जेवताना मीठ कमी पडलंय हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने ते सासऱ्यांकडून मागून घेतलं.