सात मालकांची कोळशाची मोटार

तुम्ही दोघं तिकडे कंपनी काढताय असं कळलं आणि मला आमची कंपनी आठवली.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, आणि गावातले आणखी सहा जण यांनी कराडच्या स्टेशनापर्यंत मोटार चालवायला लिमिटेड कंपनी काढली. नोंदणीचे इंग्रजी कागद मीच त्यांना समजावून सांगितले. कंपनी बुडाली तर शेअरचे पैसे जातील, जमिनीला धक्का लागणार नाही, हे सगळ्यांना लगेच पटलं. मोटार कंपनीची, आपल्या कुणाची नाही, हे मात्र कुणालाच पटेना.

पेट्रोल मिळत नसे, म्हणून मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली होती; तिच्या गॅसवर मोटार चालायची. गाडी उभी राहिली की विस्तव मंदावायचा आणि तो फुलवण्यात वेळ जायचा. आमचे शेअरवाले तर आपापल्या बांधावर हात करून उभे. कुणाला कडबा टाकायचा असे, कुणाला नुसतं पुढच्या विहिरीपर्यंत जायचं असे.

"थांब रं, माझीच गाडी हाय!"

या थांबण्यापायी एकदा रजा संपवून निघालेल्या शिपायाची आगगाडी चुकली. मग फौजेतली माणसं आणि बाजारकरी पुन्हा बैलगाडीने जाऊ लागले. मोटार रिकामी धावू लागली. असंच चाललं तर कंपनी गुंडाळावी लागणार होती.

आमच्या सोप्यात सभा भरली. मामंजींनी दरडावून विचारलं, "गाडी थांबवतंय कोण?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "आवं, तुमीच की! काल न्हाव्याकडं जायाला कुणी थांबवली?"

हशा पिकला. हसण्यातच ठराव झाला: ठरलेले थांबे सोडून मोटार कुणासाठीही उभी राहणार नाही.

ड्रायव्हर जुना फौजी. त्याने विचारलं, "आन् आबा, तुमी हात केला तर?"

"तरी बी न्हाई."

त्याच आठवड्यात मामंजींना कराडला जायचं होतं. चहा घेता घेता उशीर झाला आणि मोटार सुटली. धोतर सावरत ते वेशीबाहेर धावले, दोन्ही हात वर करून ओरडले. मी माडीच्या खिडकीतून बघत होते. गाडी जवळ आली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून त्यांना कडक सलाम ठोकला आणि गाडी तशीच पुढे नेली.

आता त्याची नोकरी गेली, असं मला वाटलं. मामंजी धापा टाकत घरी आले. चेहरा लाल, पण हसू मावत नव्हतं.

"सूनबाई, थांबला न्हाई गं! आता चालतीया आपली कंपनी."

आणि त्यांनी बैलगाडी जुंपायला सांगितली.